जुन्या संगणकावर पैसे कुठे घालायचे?



आमच्या शाळेत संगणकाचा तास ३५ मिनिटांचा. संगणकाचं बटण दाबल्यापासून पहिली फाईल उघडेपर्यंत ६ मिनिटं ४० सेकंद जायची. हा माझा अंदाज नाही. सातवीच्या मुलांनी माझ्या मोबाईलवर स्टॉपवॉच लावून पाच दिवस वेळ मोजली आणि सरासरी काढली. सरासरीचा सराव आयताच झाला, पण तासाचा जवळजवळ पाचवा हिस्सा पडद्यावरचं गोल चक्र बघण्यात जात होता. त्यानंतर एखादं पोर्टल उघडायचं म्हटलं की घंटाच व्हायची.

संगणक पालकांच्या वर्गणीतून सेकंडहँड घेतलेला. डेल ऑप्टिप्लेक्स ३०२०, इंटेलचा आय३-४१३० प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. कंपन्यांच्या ऑफिसांतून बाद होऊन बाजारात येतात, त्यांतला एक. दणकट, पण भलताच संथ. म्हणून मी तालुक्याच्या गावी एका दुकानात गेले. तिथे सांगितलं, "मॅडम, २ जीबीचं ग्राफिक्स कार्ड टाका, रॉकेट होईल." २,६०० रुपये मोजून कार्ड बसवून आणलं. मुलांनी पुन्हा वेळ मोजली. ६ मिनिटं ३५ सेकंद!

पुढच्या महिन्यात शाळा व्यवस्थापन समितीपुढे खर्च वाचताना त्या ओळीवर माझा आवाज बारीक झाला. कुणी काही बोललं नाही. पण ज्यांनी पन्नास-पन्नास रुपये दिले होते, ती माणसं समोरच बसली होती. तरीही समितीने आणखी ३,००० रुपये मंजूर केले. या वेळी मी आधी समजून घ्यायचं आणि मगच दुकानाची पायरी चढायची असं ठरवलं. जे समजलं ते तुमच्यासाठी लिहिते आहे. घरात धाकट्यासाठी जुना संगणक घेणाऱ्या पालकांनाही ते तितकंच लागू आहे.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती. रॅम म्हणजे ओटा. हार्ड डिस्क म्हणजे मागची कोठीची खोली. करणारी कितीही चपळ असली तरी ओटा वीतभर असेल आणि दर चिमूटभर मिठासाठी कोठीत जावं लागत असेल, तर जेवायला उशीर होणारच. जुन्या संगणकाचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. आपण मात्र स्वयंपाकिणीलाच आळशी ठरवतो.

तुमच्याकडे काय झालंय हे बघायला एक पैसा लागत नाही. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'परफॉर्मन्स' या भागात जा आणि नेहमीचं काम करत राहा: ब्राउझर उघडा, एक्सेलची फाईल उघडा. तीन आकड्यांवर लक्ष ठेवा. डिस्क सतत १०० टक्क्यांना चिकटून असेल तर दुखणं हार्ड डिस्कचं. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम कमी पडते आहे. सीपीयू बराच वेळ १०० टक्के राहिला तरच प्रोसेसरकडे बघायचं, आणि तेव्हासुद्धा आधी व्हायरस नाही ना, पंखा धुळीने चोंदला नाही ना, हे तपासायचं.

आमच्याकडे डिस्क १००, मेमरी ८८ आणि सीपीयू फक्त १२ टक्के होता. म्हणजे करणारी हात बांधून बसून होती! ग्राफिक्स कार्डाचा यात काही संबंधच नव्हता. ते खेळ, त्रिमितीय चित्रं, व्हिडिओचं जड संपादन अशा कामांना उपयोगी. लिहिणं, वाचणं, पोर्टल भरणं आणि यूट्यूबवरचा पाठ दाखवणं यासाठी या प्रोसेसरमध्ये मुळातच असलेलं ग्राफिक्स पुरतं.

मेमरीच्या पानावर आणखी एक उपयोगी माहिती असते. रॅमच्या किती जागा भरल्यात आणि एकूण किती आहेत, तसंच रॅमचा वेग. हे कागदावर लिहून घ्या, दुकानात लागेल.

हार्ड डिस्क एवढी हळू का?

हा भाग मुलांनाही शिकवण्यासारखा आहे, म्हणून जरा सविस्तर.

हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकडी असते आणि ती मिनिटाला ७,२०० वेळा फिरते. म्हणजे एका फेरीला साधारण ८.३ मिलिसेकंद. हवी ती माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. त्याआधी ते टोक योग्य वर्तुळावर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद घेतं. दोन्ही मिळून एक तुकडा शोधायला १२-१३ मिलिसेकंद. सेकंदाला असे जेमतेम ८० तुकडे मिळतात.

आता समजा, संगणक सुरू होताना इकडेतिकडे विखुरलेले १०,००० छोटे तुकडे वाचायचे आहेत. १०,००० भागिले ८० म्हणजे १२५ सेकंद, दोन मिनिटांच्या वर. एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं, माहिती चिपमध्ये असते. तिथे एका तुकड्याला एक दशांश मिलिसेकंद धरला तरी तेच काम एका सेकंदात होतं. प्रत्यक्षात इतर कामंही चाललेली असल्यामुळे फरक इतका सरळ दिसत नाही, पण दिशा हीच.

आणि एक गोम आहे. रॅम भरली की संगणक जादा सामान तात्पुरतं डिस्कवर नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ओटा भरला म्हणून कणकेची परात कोठीत नेऊन ठेवावी, तसं. म्हणजे कमी रॅमचा सगळा भारही त्या फिरत्या तबकडीवरच. म्हणून माझं स्पष्ट मत: पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर एसएसडी घ्या. थोडे उरले तर रॅम. प्रोसेसर बदलण्याचा विचार त्यानंतर, आणि शक्यतो नाहीच.

काय घ्यायचं?

एसएसडी अनेक प्रकारांच्या मिळतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपला आणि बहुतेक लॅपटॉपला लागते ती अडीच इंची साटा एसएसडी. चपट्या पट्टीसारखी दिसते ती एनव्हीएमई, तिला बसायला अशा मशीनमध्ये सहसा जागाच नसते. दुकानदार म्हणेल की ती जास्त वेगवान आहे. आहेच, पण आपल्याकडे ती लागणार कुठे? शाळेला २४० जीबी पुरते. एसएसडी मात्र नवी, बिलासकट आणि वॉरंटीची घ्या, वापरलेली नको. अनोळखी नावाची एक-दोन टीबीची एसएसडी कुणी अगदी किरकोळ भावात देत असेल तर हात आखडता घ्या. आत कमी क्षमतेची चिप आणि वर खोटा आकडा, असा माल बाजारात असतो.

रॅमचं उलटं आहे. ती सहसा झिजत नाही, त्यामुळे वापरलेली घ्यायला हरकत नाही. फक्त जात तपासा. डीडीआर३ च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, पट्टीवरची खाच वेगळ्या ठिकाणी असते. जोर लावून बसवायला गेलात तर खाच मोडेल. डेस्कटॉपची पट्टी लांब, लॅपटॉपची आखूड. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला तर १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, साधी १.५ व्होल्टची चालत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे जुनी पट्टी काढून सोबत न्यायची आणि तिच्यासारखीच मागायची. विंडोज ३२-बिट असेल तर ती ४ जीबीच्या वरची रॅम वापरतच नाही. आधी ६४-बिट टाकावी लागते. अनेकांची नवी रॅम अशी वाया गेलेली मी पाहिली आहे.

आमचं मे २०२४ चं बिल असं: २४० जीबी एसएसडी १,६५० रुपये, वापरलेली ४ जीबी डीडीआर३ रॅम ४५०, थर्मल पेस्ट १००, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल ४०. एकूण २,२४० रुपये. आता रॅम आणि एसएसडी दोन्ही महागल्या आहेत, त्यामुळे हे आकडे घेऊन दुकानात भांडू नका.

तो ४० रुपयांचा सेल कशाला, असं वाटेल. संगणकाची तारीख दर वेळी मागे जात असेल, तर हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तारीख चुकली की सुरक्षित वेबसाईट उघडायला ब्राउझर नकार देतो, आणि आपण इंटरनेटवाल्याला फोन लावत बसतो. आम्ही तसे कितीतरी फोन केले होते.

नवी साटा केबल आम्ही घेतली नाही. हार्ड डिस्कच्या दोन्ही केबल एसएसडीला जशाच्या तशा लागतात. जुन्या फाईली काढून घेण्यापुरती जुनी डिस्क सोबत जोडायची तर डीव्हीडी ड्राईव्हच्या केबल वापरता येतात (मोठ्या कॅबिनेटमध्ये, लहान कॅबिनेटच्या चपट्या ड्राईव्हला विजेचं टोक वेगळं असतं). एसएसडीला बसवायची चौकटही लागत नाही. आत हलणारा भाग नसल्यामुळे ती चिकटपट्टीने नीट बांधली तरी चालते.

बसवताना

सगळ्यात आधी बॅकअप. मुलांची माहिती, दाखले, निकालपत्रकं, फोटो, सगळं दोन ठिकाणी उतरवून घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर हे आजच करा, सुट्टीची वाट बघू नका.

मग प्लग काढा, बटण एकदा दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरचा स्थिर भार उतरवा. धूळ बाहेर अंगणात काढा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वाऱ्याने भलत्या वेगाने फिरतो आणि खराब होऊ शकतो. वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युतभार साठलेला असतो. हे मुलांनाही ठासून सांगा.

रॅम बसवल्यावर आमचा संगणक सुरूच झाला नाही. पडदा काळा, बटणावरचा दिवा पिवळसर लुकलुकतोय. माझ्या पोटात गोळा आला. पुन्हा समितीपुढे काय वाचायचं? मग दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांची सोनेरी टोकं पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसली, भुगा झटकला आणि दोन्ही बाजूंचे चाप 'कट्' आवाज करेपर्यंत दाबून बसवल्या. चालू झाला. जुनी मंडळी संगणकाच्या दुकानात खोडरबर का ठेवतात ते त्या दिवशी कळलं.

जुन्या डिस्कवरचं विंडोज तसंच्या तसं उचलून एसएसडीवर आणता येतं, पण वर्षानुवर्षांचा कचराही सोबत येतो. नव्याने टाकणंच बरं. टाकण्याआधी बायोसमध्ये डिस्कची पद्धत 'एएचसीआय' आहे ना ते बघा. काही जुन्या मशीनवर ती 'आयडीई' असते आणि मग एसएसडीचा पूर्ण फायदा मिळत नाही. मूळ विंडोज १० अधिकृत असेल तर तिचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो, डिस्क बदलली तरी तीच आवृत्ती टाकल्यावर ती पुन्हा अधिकृत होते.

मुलांनी वेळ मोजली. ४८ सेकंद. एका मुलीने स्टॉपवॉच थांबवायलाच उशीर केला, म्हणून तिने पुन्हा एकदा संगणक बंद-चालू करायला लावला. ४६.

विंडोज १० नंतर काय?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. घरगुती संगणकांसाठी एक वर्षाची वाढीव सुरक्षा घेता येते, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आमचं चौथ्या पिढीचं मशीन नियमात बसत नाही. नियमाला बगल देऊन ती टाकणारे आहेत. मी शाळेत तसं करणार नाही. या एका संगणकात मुलांचे आधार क्रमांक आहेत, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खाते क्रमांक आहेत. पुढे कधी सुरक्षा मिळेल आणि कधी बंद होईल याचा भरवसा नसलेली प्रणाली अशा माहितीखाली ठेवायची कशी? 'ॲक्टिव्हेट करून देतो' म्हणत टाकून दिलेल्या चोरट्या विंडोजबद्दलही मला हेच म्हणायचं आहे.

आम्ही दिवाळीच्या सुट्टीत लिनक्स मिंट टाकली. फुकट, अधिकृत, आणि एसएसडी व ८ जीबी रॅमवर मजेत चालते. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकवतात, तेव्हा हे काही हौशी मंडळींचं खूळ नाही. लिब्रेऑफिस, जिओजेब्रा, स्क्रॅच सगळं मिळतं. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन जोडता येतो. अडचणी दोन आल्या. श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाईलींत अक्षरांऐवजी चिन्हांचा खिचडा दिसला. त्यातल्या हव्या तेवढ्या युनिकोडमध्ये आणायचं काम अजून चालू आहे. दुसरं म्हणजे प्रिंटर पहिल्या फटक्यात ओळखला गेला नाही. तुमच्याकडे डिजिटल सहीचं टोकन किंवा फक्त विंडोजवर चालणारं एखादं सॉफ्टवेअर असेल, तर आधी ८ जीबीच्या पेनड्राईव्हवरून मिंट चालवून बघा. संगणकात काहीही न टाकता ती तशी चालते.

कधी खर्च करूच नये

तुमचा संगणक कोअर २ ड्युओचा आणि डीडीआर२ रॅमचा असेल तर माझा सल्ला सरळ आहे: थांबा. त्याची रॅम शोधण्यातच जीव जातो. माझा ठोकताळा असा आहे की सुधारण्याचा खर्च त्यापेक्षा चांगल्या सेकंडहँड संगणकाच्या निम्म्या किमतीच्या वर जात असेल, तर तो पैसा दुसऱ्या संगणकासाठी राखावा.

आणि दुसरा घ्यायचाच असेल तर 'आय५ आहे' एवढ्यावर भुलू नका. पुढचा आकडा विचारा. आय३-४१३० मधला ४ म्हणजे चौथी पिढी, आय५-८५०० मधला ८ म्हणजे आठवी. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन धरायचे, आय५-१०४०० म्हणजे दहावी. आठव्या पिढीचा आय३-८१०० हा दुसऱ्या पिढीच्या आय५-२४०० पेक्षा वेगवान आहे. लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा गावात, टास्क मॅनेजर उघडून हा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. लॅपटॉप असेल तर रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली नाही ना, हेही विचारा. तशी असेल तर ती पुढे वाढवता येणार नाही.

३,००० पैकी आमचे ७६० रुपये उरले होते. एक मुलगा बरेच दिवस सांगत होता, "बाई, पेटीला हात लावला की मुंग्या येतात." मी कॅबिनेटला टेस्टर लावून बघितला, दिवा मंद पेटला. शाळेच्या त्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. एका वायरमन पालकाने मजुरी न घेता, त्या ७६० रुपयांच्या सामानात, खड्डा खणून पाईप, कोळसा, मीठ घालून अर्थिंग करून दिलं. खरं तर हे काम पहिलं व्हायला हवं होतं. तुमच्या शाळेत किंवा घरी संगणकाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर एसएसडीचं नंतर बघा, आधी हे करा.

जुन्या हार्ड डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्राममध्ये पिवळ्या रंगात 'कॉशन' अशी आली. ती पुन्हा वापरण्यात अर्थ नव्हता आणि भंगारात तशीच देणं त्याहून वाईट, कारण आत मुलांची सगळी माहिती. आधी ती पूर्ण पुसून घेतली, मग विज्ञानाच्या तासाला चांदणीच्या आकाराच्या टी८ स्क्रू-ड्रायव्हरने उघडली. (डेस्कटॉपची तबकडी सहसा ॲल्युमिनियमची असते. लॅपटॉपच्या डिस्कची काचेची असू शकते आणि तिचे तुकडे उडतात. ती मुलांपुढे उघडू नका.) तबकडीत सगळ्यांनी आपापले चेहरे बघून घेतले, मग मी खिळ्याने तिच्यावर आडवेतिडवे ओरखडे काढले. आतली दोन लोहचुंबकं इतकी ओढ घेतात की बोट मध्ये सापडलं तर चांगलंच चिमटतं. त्यांतलं एक आता ऑफिसातल्या लोखंडी कपाटावर आहे, त्या खर्चाच्या बिलाचा कागद धरून.